कत्तलखान्यांतील कामकरी आणि जनावरांपासून जडणारे रोग



रविवारीं सकाळीं मटणाच्या दुकानापुढें उभें राहिलें म्हणजे आपण साधारणतः तीन गोष्टी पाहतों. माल ताजा आहे कीं नाहीं, चरबी किती आहे, आणि तराजूचा कांटा सरळ उभा राहतो कीं नाहीं. समोर जो मनुष्य सत्तूर चालवीत असतो त्याच्या हाताकडे मात्र आपलें सहसा लक्ष जात नाहीं. त्या हातावर कालची एखादी चीर असते, तिच्यावर कसलीहि पट्टी नसते, आणि सबंध सकाळ तो हात रक्तानें भिजलेला असतो. आज मला बोलावयाचें आहे तें त्या मनुष्याच्या प्रकृतीविषयीं. आमच्या शाकाहारी श्रोत्यांना कदाचित् वाटेल कीं, या विषयाशीं आपला कांहीं संबंध नाहीं. त्यांना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं थोडें थांबावें. ज्या रोगांसंबंधीं मी सांगणार आहें त्यांपैकीं एक दुधाच्या भांड्यांतून येतो, आणि एक तर धुतल्याशिवाय खाल्लेल्या कोथिंबिरीवरूनहि येऊं शकतो.

एका जुन्या हकीकतीपासून आरंभ करतों. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांताच्या राजधानींत, म्हणजे ब्रिस्बेन शहरांत, १९३५ सालीं कत्तलखान्यांतील कामगारांना एक चमत्कारिक ताप येऊं लागला. डोकें असह्य दुखे, अंग मोडून येई, घामानें अंथरूण भिजे, आणि आठवडा-दीड आठवडा असा गेला तरी ताप हटत नसे. टायफॉइड म्हणावें, तर रक्ताच्या परीक्षेंत तो निघेना. दुसऱ्या कोणत्याहि ओळखीच्या तापाशीं त्याचा मेळ बसेना. एडवर्ड डेरिक नांवाच्या डॉक्टराकडे या चौकशीचें काम आलें. त्यानें रोग्यांच्या रक्तापासून गिनीपिगांत तो ताप उत्पन्न करून दाखविला, आणि नमुने मेलबर्न येथें बर्नेट या शास्त्रज्ञाकडे पाठविले. बर्नेटनें त्यांतील सूक्ष्म जंतु हुडकून काढला. पुढें १९३७ सालीं निबंध प्रसिद्ध करतांना रोगाला नांव काय द्यावें ही पंचाईत पडली. 'कत्तलखान्याचा ताप' म्हणावें तर गुरांच्या व्यापाराला बट्टा लागतो, आणि क्वीन्सलंडचें नांव द्यावें तर प्रांताची अब्रू जाते. शेवटीं डेरिकनें नुसतें 'क्यू' हें अक्षर ठेविलें. प्रश्न या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें तें आद्याक्षर होय. 'क्यू ताप' हें नांव आजतागायत चालू आहे. ज्या कामगारांना तो जडला त्यांचा उल्लेख मात्र नांवांत कोठेंच राहिला नाहीं. व्यापाराची अब्रू राखली गेली, एवढें खरें.

हा क्यू तापाचा जंतु मोठा चिवट आहे. गाई, शेळ्या व मेंढ्या यांच्या वारेंत आणि प्रसूतीच्या वेळच्या स्रावांत तो विपुल असतो. तो वाळून धुळींत मिसळला तरी महिनोंमहिने जिवंत राहतो, आणि श्वासाबरोबर अगदीं थोडे जंतु आंत गेले तरी ताप येण्यास पुरे होतात. ऑस्ट्रेलियांत १९८९ पासून या रोगाची लस मिळते, आणि कत्तलखान्यांत कामावर लागणाऱ्या मनुष्याला ती टोंचून घेण्यास सांगतात. आपल्याकडे ती वापरांत नाहीं. म्हणून आपल्या कामगारांपाशीं साबण, पाणी आणि ज्ञान यांपलीकडे फारसें शस्त्र नाहीं.

माणसाला होणाऱ्या ज्ञात सांसर्गिक रोगांपैकीं निम्म्याहून अधिकांचें मूळ जनावरांत आहे. परंतु आपल्या इकडे ज्याचा उपद्रव मोठा आणि ज्याची ओळख सर्वांत कमी, तो रोग म्हणजे ब्रुसेलोसिस. शेतकऱ्याला त्याची एक बाजू चांगली ठाऊक असते. गाय किंवा म्हैस गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांत एकाएकीं गाभडते, वार अडकून राहते, आणि पुढें एकामागून एक गोठ्यांतील इतर जनावरेंहि गाभडूं लागतात. पशुवैद्य याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. असें वारंवार गाभडणारें जनावर कोणी ठेवून घेत नाहीं. कायदा आड येत नसेल तर म्हैस, आणि शेळी-मेंढी तर नक्कीच, बाजारांत विकली जाते, आणि बाजारांतून ती खाटकाकडे येते. म्हणजे गोठ्यांतला रोग निवडून निवडून कोणाच्या हातीं जातो हें आपल्या लक्षांत येईल.

या जंतूची कुळकथा माल्टा बेटावरची आहे. तेथें असलेल्या इंग्रज शिपायांना फार वर्षांपासून एक लांबणारा ताप येत असे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें १८८७ सालीं त्याचा जंतु शोधून काढला. परंतु तो माणसांत येतो कोठून, हें कळावयास आणखी अठरा वर्षें लागलीं. १९०५ सालीं थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टी डॉक्टराला असें आढळलें कीं, दारोदार नेऊन ज्यांचें दूध काढून देत त्या दिसावयास धडधाकट असलेल्या शेळ्यांच्याच अंगांत तो जंतु आहे. पुढच्याच वर्षीं पलटणींत शेळीचें कच्चें दूध बंद झालें, आणि शिपायांतील तापाचें प्रमाण झपाट्यानें खालीं आलें. गांवचे लोक मात्र जुन्या संवयीप्रमाणें दारावरच्या शेळीचेंच दूध पीत राहिले, व त्यांच्यांत तो रोग पुढेंहि वर्षानुवर्षें टिकला. शिपायाला हुकूम करतां येतो, गांवकऱ्याला करतां येत नाहीं, हा यांतला मुद्दा मला पुढें उपयोगी पडणार आहे.

कत्तलखान्यांत हा जंतु मनुष्याच्या अंगांत शिरण्यास तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे हातावरची चीर किंवा खरचटलेली जागा. दुसरी डोळा. गर्भाशय, कांस किंवा आतडें कापतांना एखादा शिंतोडा डोळ्यांत उडाला तरी पुरे. तिसरी श्वास. बंदिस्त जागेंत पाण्याचा जोराचा फवारा मारून फरशी धुतात तेव्हां रक्तमिश्रित बारीक तुषार हवेंत तरंगत राहतात, ते नाकावाटे आंत जातात. ज्याच्या ताटांत तें मांस शेवटीं येतें त्याला यांतली एकहि वाट खुली नसते, कारण नीट शिजविलेल्या मांसांत हा जंतु जिवंत राहत नाहीं. खाणाऱ्यापेक्षां कापणाऱ्याला धोका कितीतरी अधिक, असा हा प्रकार आहे.

आतां असा एक मनुष्य डोळ्यांपुढें आणा. वय पस्तिशीच्या आंतबाहेर, काम जनावरें सोलण्याचें. त्याला संध्याकाळीं बारीक कणकण येते, रात्रीं घाम फुटतो, सकाळीं बरें वाटतें आणि तो कामावर जातो. पंधरा दिवसांनीं कंबर व गुडघे धरूं लागतात. गल्लींतला डॉक्टर टायफॉइड समजून गोळ्या देतो. चार दिवस ताप उतरतो, पुन्हा चढतो. मग हिंवतापाचें औषध होतें. दोन महिन्यांनीं तो काड्यासारखा होतो, आणि पाठीच्या मणक्यांत दुखूं लागलें म्हणजे क्षयाचा संशय येतो. क्षय आणि ब्रुसेलोसिस या दोहोंच्या मणक्यांतल्या खुणा एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळें हा संशय अगदींच निराधार असतो असेंहि नाहीं. या सगळ्या प्रवासांत एक प्रश्न कोणीच विचारलेला नसतो : 'बाबा, तूं धंदा काय करतोस?' इटालियन वैद्य रामाझिनी यानें कारागिरांच्या रोगांवर १७०० सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांत त्यानें वैद्यांना बजाविलें होतें कीं, रोग्याला विचारावयाच्या नेहमींच्या प्रश्नांत या एका प्रश्नाची भर घाला. सव्वातीनशें वर्षें झालीं, तरी ही भर सर्वत्र पडलेली नाहीं.

हा प्रश्न विचारला गेला तर पुढचें काम सोपें आहे. ब्रुसेलोसिसची रक्तपरीक्षा महाग नाहीं. उपचारहि ठरलेला आहे. डॉक्सिसायक्लीन हें औषध सहा आठवडे, आणि त्याच्या जोडीला रिफँपिसीन किंवा स्ट्रेप्टोमायसीन. अर्थात् हें डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें. अडचण आहे ती सहा आठवड्यांची. ताप पहिल्या कांहीं दिवसांतच जातो, आणि रोजंदारीवरच्या मनुष्याला बरें वाटूं लागल्यावर औषधाला पैसे खर्च करणें जिवावर येतें. औषध अर्ध्यावर सुटलें कीं रोग उलटतो, आणि उलटलेला रोग पहिल्यापेक्षां हट्टी असतो. तेव्हां आरोग्यशिक्षणांत 'औषध घ्या' एवढें सांगून भागत नाहीं. 'ताप गेल्यावरहि महिनाभर घ्या' हें सांगावें लागतें, आणि कां घ्यावें तेंहि समजावून द्यावें लागतें.

दुसरा रोग काळपुळी. जनावरांत याला फाशी असेंहि म्हणतात. चांगलें चरणारें जनावर एकाएकीं मरून पडतें, नाकातोंडांतून काळसर रक्त येतें व तें गोठत नाहीं. अशा जनावराचें कातडें काढणाऱ्याच्या हातावर किंवा मानेवर दोन-चार दिवसांनीं पुटकुळी उठते, ती फुटून मध्यें काळी खपली धरते, भोंवतीं सूज येते, आणि गंमत अशी कीं ती दुखत नाहीं. दुखत नाहीं म्हणूनच मनुष्य तिची पर्वा करीत नाहीं. वेळेवर पेनिसिलिनसारखें औषध मिळालें तर हा त्वचेवरचा प्रकार बरा होतो. हयगय झाली तर तो जिवावर बेततो. या जंतूचें खरें बळ त्याच्या बीजांत आहे. मेलेलें जनावर फाडलें कीं रक्तांतील जंतु हवेच्या संपर्कानें बीजरूप धारण करतात, आणि तें बीज मातींत दशकानुदशकें टिकतें. १८७६ सालीं रॉबर्ट कॉखनें हें बीज आणि त्याचें जीवनचक्र जगाला दाखविलें. यावरून नियम निघतो तो एकच : आकस्मिक मेलेलें जनावर फाडूं नये, सोलूं नये, चुना घालून खोल पुरावें किंवा जाळावें, आणि पशुवैद्यास कळवावें.

नियम सांगण्यास सोपा आहे. परंतु ज्याचा बैल किंवा ज्याच्या पांच मेंढ्या एका रात्रींत गेल्या, त्याला कातड्याचे चार पैसे मिळण्याची आशा असते, आणि मरावयास टेंकलेलें जनावर घाईघाईनें सुरीखालीं घालून टाकावें असाहि मोह होतो. येथें अज्ञानापेक्षां दारिद्र्य मोठें असतें. नुसत्या भित्तिपत्रकावर हाडें-कवटी रंगवून हा मोह जात नाहीं, हें आमच्या आरोग्यखात्याच्या प्रचारकांनीं ध्यानांत घ्यावें असें मला वाटतें.

तिसरा धोका गोचिडींचा. क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप हा विषाणूचा रोग गोचिडींवाटे गुरा-मेंढ्यांत फिरतो. जनावर आजारी दिसत नाहीं, पण त्याच्या रक्तांत विषाणु असतो, आणि गोचीड चावल्यानें किंवा तें रक्त अंगाला लागल्यानें माणसाला घातक ताप येतो. भारतांत हा रोग प्रथम जानेवारी २०११ मध्यें गुजरातेंत, अहमदाबादजवळ साणंदच्या बाजूस निश्चित झाला. निदान केलें तें आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेनें. त्या वेळीं रोगी स्त्रीबरोबर तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका हेहि दगावले. २०२० सालीं पालघर जिल्ह्यांतहि प्रशासनानें या तापाविषयीं सावधगिरीचा इशारा दिला होता. जनावराच्या अंगावरची गोचीड बोटांनीं ओढून नखावर चिरडणें ही आपल्याकडची अगदीं साधी संवय आहे. मुलेंहि ती खेळ म्हणून करतात. ती सोडावयास हवी. चिमट्यानें काढून रॉकेलांत टाकावी.

आतां अंकुशनगराकडे वळतों. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोंवतीं वसलेलें हें गांव. येथें देवनारसारखा कत्तलखाना नाहीं. मुंबई महानगरपालिकेचा देवनारचा कत्तलखाना १९७१ सालीं सुरू झाला. तेथें पशुवैद्य आहेत, जनावरांची तपासणी आहे, पाण्याचे नळ आहेत, आणि बकरी ईदच्या सुमारास लाखाच्या वर बकरे तेथील बाजारांत उतरतात. परंतु महाराष्ट्रांतील असंख्य खाटीक आणि मुलाणी अशा ठिकाणीं काम करीत नाहींत. त्यांचा कत्तलखाना म्हणजे दुकानामागची दोन हात जागा, एक लांकडाचा ओंडका, एक हूक आणि पाण्याचें एक पिंप. बाजारच्या दिवशीं एकाच पिंपांतलें पाणी सुरी धुण्यास, हात धुण्यास आणि मांसावर शिंपडण्यास चालतें. अंकुशनगरासारख्या गांवांत आरोग्यशिक्षण द्यावयाचें तें अशा एकट्या-दुकट्या माणसाला. त्याच्यावर ना कोणी अधिकारी, ना त्याच्या जवळ कोणी पशुवैद्य.

कारखान्याचें गांव म्हटल्यावर आणखी एक गोष्ट येते. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बैलगाड्यांसह येतात, कोप्या घालून राहतात. त्यांच्याबरोबर बैल असतात, शेळ्या-करडें असतात, कुत्रीं असतात, आणि उसांत उंदीर तर असतातच. उंदराच्या व गुराच्या लघवींतून ओल्या मातींत उतरणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग जितका कत्तलखान्यांतील कामगाराचा, तितकाच ऊस तोडणाऱ्याचा आहे. मुंबईकरांना त्याचें नांव २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर पाठ झालें. पण फार पूर्वीं, १९३४–३५ च्या सुमारास, त्याच क्वीन्सलंड प्रांतांत ऊसतोड कामगारांनीं या रोगासाठीं झगडा केला होता. फड तोडण्यापूर्वीं पेटवून द्यावा, म्हणजे उंदीर पळतील आणि पाचटाच्या धारेनें पाय कापावयाचे नाहींत, अशी त्यांची मागणी होती, आणि त्यासाठीं त्यांनीं संपहि केला. कत्तलखान्याचा ताप आणि उसाचा ताप हे दोन्ही एकाच मुलखांत, एकाच दशकांत वर यावेत हा योगायोग म्हणावा. पण अंबड तालुक्यांतहि हे दोन धंदे एकाच बाजारांत एकमेकांना भेटतात. ऊसतोडीवर आलेल्या कुटुंबाची शेळी गाभडली, तर ती त्याच आठवड्यांत विकली जाण्याचा संभव असतो, आणि कोप्यांतली बाई गाभडलेलें करडूं व वार उघड्या हातांनीं उचलून टाकते. ती स्वतः गरोदर असेल तर ब्रुसेलोसिस आणि क्यू ताप या दोहोंपासून तिच्या गर्भालाहि धोका आहे.

स्त्रियांचा उल्लेख आला म्हणून सांगतों. कत्तलखान्यांतील आरोग्यशिक्षण म्हटलें कीं आपल्या मनापुढें सुरी घेतलेला पुरुष येतो. परंतु वजडी आणि आतडीं धुण्याचें, मुंडी-पाये भाजून स्वच्छ करण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं घरांतल्या बायका करतात. रक्तानें माखलेले कपडेहि त्याच धुतात, आणि बहुधा मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच बादलींत. व्याख्यानाला त्यांना कोणी बोलावीत नाहीं.

मग सांगावयाचें काय? हातमोजे घाला, असें सांगणें पुस्तकांत शोभतें. प्रत्यक्षांत रबरी मोजा ओला झाला कीं सुरी निसटते, आणि निसटलेली सुरी हात अधिक कापते. अनुभवी कामगार मोजे काढून ठेवतो तो हट्टानें नव्हे. पोलादी जाळीचे मोजे मिळतात, पण ते त्याच्या खिशाबाहेरचे असतात. म्हणून आधीं परवडणाऱ्या गोष्टी सांगाव्यात. काम सुरू करण्यापूर्वीं हातावरची प्रत्येक चीर पाणी न शिरणाऱ्या पट्टीनें झांकावी. रबरी बूट व मेणकापडाचा अंगरखा या दोन वस्तु मोज्यांइतक्या अडचणीच्या नाहींत, आणि गर्भाशय व कांस हाताळतांना तेवढ्यापुरता मोजा घालणें शक्य असतें. सोलतांना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सुरी दांतांत धरण्याची जी संवय आहे, ती सर्वप्रथम सोडवावी. कमरेला म्यान बांधलें कीं तिची गरज उरत नाहीं. आणि तंबाखू! काम अर्ध्यावर आलें कीं मनुष्य थांबतो, डबी काढतो, तळहातावर चुना-तंबाखू मळतो आणि ओठांत धरतो. त्या तळहातावर त्या वेळीं काय काय असतें याचा विचार केला म्हणजे या एका संवयीवर सबंध व्याख्यान द्यावेंसें वाटतें. तंबाखू सोडा म्हणून सांगण्यांत वेळ गेला तर मुख्य मुद्दा हातचा जातो. त्यापेक्षां 'मळण्यापूर्वीं साबणानें हात धू' हें सांगावें, तें पटण्यासारखें आहे.

हें कोणी सांगावें, यालाहि महत्त्व आहे. परगांवच्या अधिकाऱ्यानें प्रमाण मराठींत छापील भाषण वाचलें तर मराठवाड्यांतल्या ज्या खाटकाच्या घरांत दखनी बोलली जाते, त्याला त्यांतलें अर्धें कळत नाहीं आणि उरलेलें अर्धें आपल्या धंद्याची निंदा वाटते. ही दुसरी गोष्ट अधिक घातक. या लोकांच्या धंद्याकडे आपण पांढरपेशे लोक ज्या दृष्टीनें पाहतों ती त्यांना पूर्ण माहीत असते. तेव्हां 'तुम्ही घाणेरडे राहतां' असा सूर थोडाजरी निघाला तरी श्रोता कान मिटून घेतो. उलट त्यांच्यांतलाच एखादा वयस्क उस्ताद, ज्याच्या हाताखालीं पोरें तयार होतात, त्यानें एकदां पट्टी बांधून सुरी हातीं घेतली, कीं दहा पोरें न सांगतां बांधतात. माल्टाच्या शिपायासारखा येथें हुकूम चालत नाहीं.

छापील शब्दाचा उपयोग होतच नाहीं असें मात्र मी म्हणणार नाहीं. हायडॅटिड नांवाचा एक रोग आहे. मेंढ्यांच्या यकृतांत व फोफशांत पाण्यानें भरलेल्या गांठी असतात. खाटीक त्या कापून कुत्र्यापुढें फेंकतो. कुत्र्याच्या आतड्यांत त्यांतून बारीक जंत वाढतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे माती, पाणी, भाजीपाला यांवर जातात, आणि तेथून माणसाच्या पोटांत. मग माणसाच्याहि यकृतांत तशीच गांठ वर्षानुवर्षें वाढत राहते. प्रारंभीं ज्या कोथिंबिरीचा उल्लेख केला ती हीच. एकोणिसाव्या शतकांत आइसलंडमध्यें या रोगानें कहर केला होता. हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञानें तेथें जाऊन संशोधन केलें, आणि १८६४ सालीं लोकांना समजेल अशी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर फुकट वांटण्यांत आली. कुत्र्याला कच्चीं आतडीं-फोफसे देऊं नका, पुरा किंवा जाळा, एवढेंच तिचें सार. पुढें कायदेहि झाले, आणि कालांतरानें तेथून हा रोग जवळजवळ नाहींसा झाला. आइसलंडचे शेतकरी हिंवाळ्याच्या लांब रात्रीं वाचीत बसणारे होते, ही अनुकूलता त्यांना होती हें खरें. आपल्याकडे मटणाच्या दुकानासमोर कुत्र्यांचा घोळका बसलेला नाहीं असें गांव मात्र मला अजून दिसावयाचें आहे.

कायद्याविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं २०११ मध्यें जे नियम झाले, त्यांप्रमाणें अन्न हाताळणाऱ्या माणसाची वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी. तिचा हेतु असा कीं, कामगाराचा रोग खाणाऱ्याला लागूं नये. जनावराचा रोग कामगाराला लागला आहे कीं काय, हें पाहणें हा त्या तपासणीचा हेतूच नव्हे. तीच सुई, तेंच रक्त. त्यांतून ब्रुसेलोसिसची एक परीक्षा अधिक केली तर खर्च थोडा वाढेल, पण पस्तिशीचा तो मनुष्य दोन महिने आधीं सांपडेल. दुसरीकडे, कत्तलखान्यांसंबंधींच्या २००१ च्या नियमांत गाभण जनावर मारूं नये आणि पशुवैद्याच्या दाखल्याशिवाय कोणतेंच जनावर मारूं नये, असें सांगितलें आहे. हे नियम प्राणिदयेच्या कायद्याखालचे. पण दया केली जाते जनावरावर आणि वांचतो माणूसहि, कारण गाभण जनावराचें गर्भाशय हेंच या रोगांचें मोठें कोठार असतें. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यांत जनावरें व त्यांचीं मढीं हाताळण्याच्या कामांत जडणारे सांसर्गिक रोग हे व्यवसायजन्य रोगांत धरलेले होते, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती तरतूद आली आहे. परंतु भरपाई मागावयाची तर आधीं रोगाचें नांव कागदावर यावें लागतें, आणि दुकानामागच्या दोन हात जागेंत काम करणाऱ्याला मालकहि सांगतां येत नाहीं, कारण पुष्कळदां मालक तो स्वतःच असतो.

मुळावर घाव घालावयाचा तर तो गोठ्यांतच घालावा लागतो. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलोसिसची लस एकदां टोंचली कीं पुढें तीं जनावरें बहुतांशीं सुरक्षित राहतात. सप्टेंबर २०१९ मध्यें केंद्र सरकारनें लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू केली, आणि पांच वर्षांसाठीं १३,३४३ कोटी रुपयांची योजना आंखली. जालना-अंबडच्या शेतकऱ्याला परभणीचें पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाहीं. १९७२ पासून तें मराठवाड्यांत आहे. लस टोंचणाऱ्यानें मात्र सांभाळून असावें, कारण ती जिवंत जंतूंची असते, आणि सुई स्वतःच्या बोटांत शिरली तर टोंचणाऱ्यालाच तो ताप येऊं शकतो.

शहरांतल्या गृहिणीनें यांत काय करावें, असें मला मागें एका बाईंनीं विचारलें होतें. दूध उकळल्याशिवाय वापरूं नये हें तर झालेंच. शेळीचें धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून मुलांना देण्याची हौस कित्येक घरांत अजून आहे, ती टाकावी. कोथिंबीर, मुळा, कच्चा कांदा स्वच्छ पाण्यानें दोनदां धुवावा. नेहमींच्या खाटकाकडे नळ आणि साबणाची वडी आहे कीं नाहीं हें पाहावें, नसेल तर मागावी. गिऱ्हाईकानें मागितलेली वस्तु दुकानदार सहसा ठेवतो. उरलेलीं आतडीं कुत्र्यांपुढें न टाकतां झांकणाच्या पिंपांत टाकण्यास सांगावें. आणि आपल्या माहितींतला कोणी खाटीक, गवळी, धनगर किंवा जनावरांचें काम करणारी बाई पंधरा दिवसांहून अधिक तापानें आजारी आहे असें कळलें, तर दवाखान्यांत जातांना एक वाक्य न विसरतां बोलावयास सांगावें : 'डॉक्टरसाहेब, माझें काम जनावरांचें आहे.'